भिंतीत जिरलेला धूर

पायलीभर ज्वारी दळून होते न होते तोच इंजिन धापा टाकायला लागायचं. दुसऱ्या पायलीला पट्टा घसरायचा. तिसरी पायली त्या गिरणीनं कधी पाहिलीच नव्हती. महादेवरावांचा हा निरोप अकोल्याला आमच्या ऑफिसात आला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"इंजिन आपलं उत्तम आहे," ते म्हणाले. "घेणाऱ्याचंच काहीतरी चुकत असणार. जा, चालू करून द्या आणि त्यांचं चुकलं हे गोड शब्दांत सांगा."

"आणि आपलं चुकलं असलं तर?"

"तर काहीच सांगू नका."

मी त्या कंपनीत फिटर होतो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट. वाशीमच्या बाजूला खेड्याखेड्यांत पिठाच्या गिरण्या निघायला लागल्या होत्या. वीज कुठली? गिरणी चालायची ती ऑइल इंजिनवर. इंजिन बसवणं, त्याचा नाद जमवणं आणि बिघडलं की नीट करणं हे माझं काम. माझ्यासारखा फिटर वऱ्हाडात दुसरा नव्हता असं मी म्हणणार नाही. लोक म्हणत, आणि मला लोकांचं बोलणं मोडायची सवय नव्हती.

वाशीमला गाडीतून उतरलो. महादेवराव स्वतः बैलगाडी घेऊन स्टेशनावर आले होते. शेतीवाडी बरी असलेला, बोलका, हौशी माणूस. गिरणी गावातली पहिली म्हणून त्याची छाती फुगलेली, आणि ती चालत नाही म्हणून चेहरा पडलेला. गावापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी मला इंजिनाची हकिकत आजारी बैलाची सांगावी तशी सांगितली.

घर काळ्या दगडाचं, आजोबांच्या वेळचं. बाप गेल्यावर दोघा भावांत त्याचे उभे दोन भाग झाले होते. एका भागात महादेवराव, दुसऱ्यात थोरले जानराव. विहिरीच्या पाळीवरून दोघांचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून एकमेकांशी चकार शब्द नव्हता. गल्लीच्या बाजूची मागची भिंत मात्र दोन्ही घरांना मिळून एकच, सलग. तिच्या माथ्यावरून बैलगाडी जाईल एवढी तिची जाडी.

जानरावांच्या दारासमोर एक जुंपलेली गाडी उभी होती. शेजारच्या दगडावर एक म्हातारा पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. समोर पाण्याचा तांब्या तसाच भरलेला.

"हे कोण?" मी विचारलं.

"दादाच्या सुनेचा बाप हाय, आसेगावचा," महादेवराव आवाज खाली आणून म्हणाले. "पोरीले न्यायले आला. लागीर झालं म्हनतेत तिले. बळदात उतरली का बेहोश पडते. भगत झाला, उतारा झाला, काई फरक नाई. आता फारकतच देऊन राह्यले. लगन होऊन वरीस नाई झालं, मिस्तरी."

बळद म्हणजे काय ते ज्यांनी जुनी घरं पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं. या जाड भिंती भरीव नसतात. मधे खोलीएवढी उंच, अरुंद पोकळी ठेवलेली असते आणि तिच्यात वर्षाचं धान्य भरतात. तोंड वर माळ्यावर, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. उन्हाळा आला की धान्य तळाशी जातं, मग कुणीतरी दोर धरून आत उतरायचं आणि टोपल्या वर द्यायच्या. जानरावांच्या घरी त्या तोंडातून मावेल अशी एकटी सूनच होती. सासूबाईंनी तो नाद केव्हाच सोडला असावा; पुढे त्यांना पाहिल्यावर मला ते पटलं.

पण मी आलो होतो इंजिनासाठी. अंगरखा काढला आणि कामाला लागलो.

तेलाचा पंप बरोबर. व्हॉल्व्ह बरोबर. त्या जातीच्या इंजिनाचं डोकं आधी दिव्यानं तापवावं लागतं, ते तापवलं, चाक फिरवलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. नाद स्वच्छ. मग माझ्या सवयीप्रमाणे मी धूर बघायला बाहेर गेलो. वैद्य नाडी बघतो तसा फिटर धूर बघतो. काळा धूर म्हणजे तेल जास्त, निळा म्हणजे वंगण जळतंय, आणि दिसेल न दिसेल असा म्हणजे तब्येत ठणठणीत.

गल्लीत जाऊन मागची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. धूर नव्हता. पाईपही नव्हता. आत इंजिन ठणाठण चाललेलं, धुराचा पाईप माझ्या डोळ्यांदेखत भिंतीत शिरलेला, आणि भिंतीच्या या बाजूला एक वासरू निवांत अंग घासत उभं.

परत येऊन विचारलं, "महादेवराव, पाईप निंगतो कुठी?"

"निंगतच नाई, मिस्तरी!" त्यांचा चेहरा खुलला. "भितीतच जिरवला. आतमंधी माह्या हिश्शाचं बळद हाय. रिकामंच पडलं होतं. त्याचं वरचं तोंड चिखलानं बंद केलं आन् धूर देला सोडून. तेवढेच किडे-मुंग्या मरतीन."

मी डोक्याला हात लावला. इंजिनानं घेतलेली हवा जळून धूर झाली की ती बाहेर जायलाच हवी. जुनी बाहेर गेली नाही तर नवी आत येणार कशी? पोट तुंबलेल्या माणसाला कितीही वाढा, तो जेवणार नाही. पायलीभर दळेपर्यंत बळदात जागा असायची. बळद भरलं की धूर उलटा इंजिनाच्या नरड्याशी यायचा. म्हणजे मॅनेजरसाहेब म्हणाले ते खरं, इंजिन उत्तम होतं.

"पण बाहेरपर्यंत भोक काहून नाई पाडलं? अर्धी भीत तं तुमी फोडलीच होती."

महादेवरावांनी मान फिरवली. "भितीची आतली बाजू ज्याची त्याची. बाहेरची सामाईक. तिले हात लावायचा तं दादाले इचारा लागते. मी नाई इचारत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"दादाचं बळद कुठी हाय?"

"ह्याच भितीत. माह्याले लागून. मधात दगडाचा आडपडदा हाय."

"चुन्यात बांधला?"

"नाई, कोरडाच रचला. वरतून लिंपला."

मी आधी इंजिन बंद केलं. इंजिनाच्या धुरात एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत तो माणसाला गुंगी आणतो, आणि वेळेवर बाहेर काढलं नाही तर माणूस उठत नाही. कोरड्या दगडांच्या फटी कितीही लिंपल्या तरी इंजिनाच्या धक्क्याला लिंपण किती टिकणार? रोज सकाळी इकडे गिरणी सुरू व्हायची, आणि रोज सकाळी तिकडे ती पोरगी दळणाची ज्वारी काढायला आत उतरायची. कमरेला दोर होता म्हणून ती जिवंत होती.

मी तडक शेजारी गेलो. महादेवराव उंबऱ्याबाहेरच थांबले.

जानराव ओसरीवर बसले होते. भावासारखेच दिसायला, फक्त हौस वजा केलेली. त्यांचा मुलगा, म्हणजे त्या पोरीचा नवरा, खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. पोरगी कोपऱ्यात गाठोडं घेऊन बसली होती. कावेरी तिचं नाव. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून.

जानरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमाले त्यानं धाडलं," ते म्हणाले. "गिरणी त्याची, मिस्तरी त्याचा. आमच्या बळदात वडिलांचा वास हाय. त्यायले ही सून पसंत नाई."

"भाकरीले राकेलाचा वास येते काय तुमच्या घरी?"

सासूबाई आतून गरजल्या, "येते! ह्याच पोरीनं ज्वारीत दिव्याचं तेल सांडलं म्हनून येते!"

"तिनं नाई सांडलं. दाखवतो."

मी परत जाऊन इंजिन सुरू केलं आणि वंगणाचं तेल मुद्दाम जास्त सोडलं, म्हणजे धूर निळा, दाट निघेल. महादेवरावांना इंजिनापाशी उभं केलं आणि जानरावांसोबत त्यांच्या माळ्यावर गेलो. बळदाच्या तोंडावरची फळी काढली. थोड्या वेळानं आतून निळ्या धुराची एक बारीक वेटोळी वर आली, मग दुसरी.

मला वाटलं, झालं काम. पण सासूबाईंनी शिडीवरूनच हात जोडले. "आले! बुढे मामाजी आले!" तिकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात; हे त्यांचे गेलेले सासरे.

आता याला काय म्हणावं? मी खाली ओरडलो, "महादेवराव, बंद करा!" इंजिन थांबलं. धूर विरळ होत गेला. पुन्हा ओरडलो, "सुरू करा!" डोकं अजून तापलेलंच होतं, लगेच सुरू झालं. धूर पुन्हा आला.

"जानरावभाऊ, तुमचे वडील महादेवरावच्या हुकमानं येतेत-जातेत काय?"

हे मात्र त्यांना झोंबलं. ते वाकले, तोंडापाशी नाक नेलं आणि ठसका लागून मागे बसले. नाकाच्या शेंड्यावर काजळी. त्यांनी डोळे पुसले. मी खाली हाक मारून इंजिन बंद करवलं.

"हा तं भाकरीचाच वास हाय," शेवटी ते म्हणाले.

"धूर आज आला," सासूबाई हटेनात. "पोट्टी तं कवाची पडून राह्यली!"

तेव्हा खालून कावेरीचा आवाज आला. तोपर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती.

"गिरणी बंद असली का मले काईच होत नाई. आखजीले गिरणी बंद होती, तवा मी सारं बळद झाडून काढलं. सासूबाईच दोर धरून होत्या. मले कोनी इचारलंच नाई."

सासूबाई शिडीची एक पायरी खाली उतरल्या. आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, गोष्ट त्यांना आठवत असावी.

"मी आता उतरते," कावेरी म्हणाली. "साऱ्यायच्या समोर."

मी आडवा आलो. कोंडलेला धूर गेल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही, हा माझा हट्ट. महादेवरावांच्या बळदाचं चिखलानं बंद केलेलं तोंड फोडायला लावलं, दोन्ही तोंडं उघडी ठेवली आणि वारा खेळू दिला. ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत कुणालाही हलू दिलं नाही. मग आत कंदील सोडला. तो स्वच्छ जळला, पण त्या वायूपुढे कंदिलाचाही पुरता भरवसा नाही, म्हणून आणखी थोडं थांबलो. मग तिच्या कमरेला दोर बांधला. दोर तिच्या नवऱ्यानं धरला. मी म्हटलं, "बाई, आत सतत बोलत राहा. आवाज बंद झाला की आम्ही ओढणार."

ती उतरली. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. आतून तिचा आवाज आला, "लाभ!" आणि टोपली वर आली. मग दोन, मग तीन. अंगणातला म्हातारा बाप उठून दारात येऊन उभा राहिला. टोपल्या येत राहिल्या, आकडा चढत राहिला, आणि आवाज शेवटपर्यंत तसाच खणखणीत. ती बाहेर आली ती पदर झटकत, चालत. मी त्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो, पण माझी स्वतःची लेक बाहेर आल्यासारखं मला वाटलं, हे लपवत नाही.

जानराव ओसरीवर आले. महादेवराव इंजिनापासून येऊन पुन्हा उंबऱ्याबाहेरच उभे होते, दोघांत चार हातांचं अंतर.

"मिस्तरी," जानराव माझ्याकडे बघत म्हणाले, "त्याले सांगा, बाहीरच्या बाजूनं भोक पाड म्हना. माही ना नाई."

"मिस्तरी," महादेवरावही माझ्याकडेच बघत म्हणाले, "त्यायले सांगा, मले माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं."

मी काही टपाल खात्यात नव्हतो. "दोघायनं घण घ्या," म्हटलं, "आन् गल्लीत चला."

आता भोक पाडण्याविषयी थोडं. काळ्या दगडाला घाई चालत नाही. आधी हातोडीनं भिंत ठोकून ऐकायची. काही दगड आतपर्यंत लांब गेलेले असतात, भिंतीला बांधून धरणारे. ते खणकन वाजतात. त्यांना हात लावायचा नाही. सांध्यातही भोक पाडायचं नाही, आजूबाजूचे दगड ढिले होतात. एक साधा, बदबद वाजणारा दगड निवडायचा आणि त्याच्या मधोमध काम करायचं. हत्यार एकच, जंपर, म्हणजे टोकाला चांदणीसारखी धार असलेला पोलादी गज. एकानं तो धरायचा, दोघांनी आळीपाळीनं घण घालायचे. प्रत्येक घणामागे गज थोडा फिरवायचा, नाहीतर तो दगडात असा रुततो की काढता काढत नाही. अशी बारीक भोकं गोल आखून पाडली की मधला गाभा निघतो आणि पाईपाला वाट मिळते.

एक नियम मात्र सगळ्यांत मोठा. घणवाल्यांनी घण उचलताना आपली पाळी तोंडानं सांगायची. दोन्ही घण एकदम आले तर गज धरणाऱ्याचे हात जातात. आणि गज धरणारा मी होतो.

"तुमी बोलनार नसाल तं मी अकोल्याले चाललो," मी सांगितलं. "इंजिन कंपनीचं असन, हात माहे हायेत."

दोघंही उभे राहिले. वासरूही बघत राहिलं. मग जानरावांनी घण उचलला आणि घशातल्या घशात म्हणाले, "हां."

महादेवरावांनी उचलला. "हां, दादा."

सुरुवातीचे घण मी डोळे मिटून घेतले. नंतर ताल बसला. हां, हां दादा, हां, हां दादा. मी पाणी घालत होतो, वाकवलेल्या पळीनं दगडाची पूड काढत होतो आणि कान देऊन होतो. दगड संपला की आवाज बदलतो, मग आतली मुरमाची भरती लागते, मग पुन्हा दगड. शेवटी घण बोदा वाजला आणि गज एकदम आत गेला. संध्याकाळच्या आत मी पाईप रिकाम्या बळदातून आरपार नेला, पाईपाभोवतीच्या दोन्हीकडच्या फटी चुन्यानं बुजवल्या, मधल्या आडपडद्यालाही चुना भरवला. इंजिन सुरू केलं. गल्लीत पाईपाच्या तोंडाशी दिसेल न दिसेल असा धूर. पायलीमागून पायली दळली जात होती. गाव गल्लीत लोटलं होतं, दळण बघायला नव्हे, धूर बघायला.

जानराव त्या म्हाताऱ्या व्याह्यापाशी गेले. "इवाई, बैल सोडा. पोरीत काई खोट नाई."

म्हाताऱ्यानं लेकीकडे पाहिलं. ती गाठोडं घेऊन बाहेर आली आणि गाडीत जाऊन बसली. डोईवरचा पदर खाली ओढलेला, तोंड बापाकडे, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाबा, मामाजीले सांगा, मी फारकत घ्यायले नाई चालली, माहेरी चालली. मले लागीर झालं म्हनून साऱ्या गावात झालं. तुमाले निरोप धाडला तो गड्याच्या हातून. आता मले न्यायले मामाजीनं सोता यावं. आन् येताना यायले घेऊन यावं," तिनं खांबाशी उभ्या नवऱ्याकडे बोट केलं, "यायले बोलता येते का नाई ते मले आसेगावात सारे बसले असताना ऐकायचं हाय."

गाडी हलली. कुणी अडवलं नाही.

अकोल्याला मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "काय बिघडलं होतं?"

"भिंत चोक झाली होती."

"इंजिनाला भिंत कुठं असते?"

"आपल्या नसते साहेब. गिऱ्हाइकाच्या असते."

पुढे व्हॉल्व्ह घासून द्यायला मी त्या गावी पुन्हा गेलो. कावेरी गिरणीत दळण घेऊन आली होती. तिला आणायला जानराव स्वतः आसेगावला गेले होते, महादेवरावांची गाडी मागून. नवराही गेला होता. सगळ्यांसमोर बोलला म्हणे. फार नाही, पण उठून, उभा राहून, पुरेसं बोलला. बळदात मात्र ती आता उतरत नाही. सासूबाईंनी तोंड मोठं करून घेतलंय आणि दोर नवऱ्याच्या कमरेला असतो.

त्यानंतर मी शेकडो इंजिनं बसवली. नव्या गावी गेलो की आधी घराला वळसा घालतो. पाईपाचं तोंड दिसलं नाही, तर इंजिनाला हात लावायच्या आधी शेजारच्या घरात कोण आजारी आहे ते विचारून येतो.